हॅमॉकची दोरी, गाठ न मारता

दुपारच्या स्लो लोकलला लेडीज डब्यात खिडकी मिळाली की मी पर्समधून दोरी काढते. आजूबाजूला कुणी मेथी निवडत असतं, कुणी मटार सोलत असतं, आणि मी दोरीच्या पोटात दोरी घालत बसते. अशीच एकदा दादरला चढलेल्या एका मावशींनी अंधेरीपर्यंत माझी धडपड मुकाट्याने पाहिली. शेवटी त्यांना राहवेना. म्हणाल्या, "पोरी, सुई कशाला ढकलतेस? नाडा घालतो तसं कर ना. कापड गोळा कर तिच्यावर."

परकराच्या नेफ्यात नाडा घालताना आपण पिन पुढे रेटत नाही. पिन एका जागी धरतो, नेफा तिच्यावर चुण्या पाडून गोळा करतो आणि मग मागे सरकवतो. तीन आठवडे जे जमत नव्हतं ते जोगेश्वरी यायच्या आत जमलं. पुढे जी लांबलचक कृती दिली आहे तिचा अर्धा जीव मावशींच्या त्या वाक्यात आहे. उरलेला अर्धा मोजमापात.

हा सगळा उद्योग कशासाठी, ते आधी सांगते. हॅमॉक म्हणजे झोळीच. घरात बाळाची झोळी बांधताना आपण साडीला सरळ गाठ मारतो आणि ती धरते, कारण सुती कापड खरखरीत असतं. कॅम्पिंगच्या हॅमॉकला हल्ली जी बारीक, हलकी दोरी वापरतात ती डायनीमाची, आणि ती साबण लावल्यासारखी गुळगुळीत असते. नायलॉनमध्ये जी गाठ डोळे मिटून मारावी तीच यात भाराखाली हळूहळू सरकते. न सरकलीच, तर दुसरा तोटा होतो. गाठीत दोरी इतकी आवळून वळते की सगळा भार वळणाच्या बाहेरच्या अंगाच्या तंतूंवर येतो. हे तंतू जवळजवळ ताणले जातच नाहीत, त्यामुळे शेजारचे तंतू भार वाटून घ्यायला येत नाहीत. निम्मी ताकद, कधी त्याहूनही जास्त, गाठीतच जाते. दोरीचं शेपूट तिच्याच पोटात घालून सांधा केला, म्हणजे स्प्लाइस केला, तर नव्वद टक्क्यांच्या आसपास ताकद शाबूत राहते.

डायनीमा हे ब्रँडचं नाव. आतला माल म्हणजे अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिलीन, आपल्या दुधाच्या पिशवीचंच घराणं. नेदरलँड्सच्या डीएसएम कंपनीने १९९० मध्ये त्याचं व्यापारी उत्पादन सुरू केलं. अमेरिकेतला स्पेक्ट्रा हा त्याच जातीचा धागा. आपल्याला यातले तीन गुण आणि एक अवगुण लक्षात ठेवायचे आहेत. ही दोरी पाणी पीत नाही, म्हणून पावसाळ्यात नायलॉनसारखी भिजून सैलावत नाही. ती ताणली जवळजवळ जात नाही. वजनाच्या मानाने तिची ताकद अफाट आहे. अवगुण उष्णतेचा: साधारण १५० अंशांच्या आतच ती वितळते, त्यामुळे चुलीजवळ, स्टोव्हजवळ, लायटरजवळ तिला नेऊ नका. नायलॉनच्या दोरीचं टोक आपण जाळून बंद करतो, ती सवय इथे सोडायची. जाळलेल्या टोकाची कडक गुठळी होते आणि ती पोटात शिरत नाही.

दोरी निवडताना

सांधा होण्यासाठी दोरी आतून पोकळ विणलेली हवी. बहुतेक वेळा ती १२ पदरांची असते, सहा पदर एका दिशेने आणि सहा उलट दिशेने फिरलेले. दुकानात उभ्या उभ्या एक परीक्षा करा. दोन्ही हातांच्या चिमटीत दोरी चार बोटांच्या अंतरावर धरा आणि हात एकमेकांकडे ढकला. वीण फुगून नळीसारखी उघडली पाहिजे. आत वेगळा गाभा दिसला तर ती दोरी आपल्या कामाची नाही.

नागदेवी स्ट्रीटला दोरखंडांची दुकानं आहेत आणि तिथे हिंडायला मजाही येते, पण एका दुकानदाराने मला "मॅडम, हाच तो डायनीमा" म्हणून चक्क पॉलिएस्टर दिलं होतं. घरी आल्यावर बादलीत टाकलं तर तळाला गेलं. डायनीमा पाण्यावर तरंगतो. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात. मात्र एवढ्यावर विसंबू नका, डॅनलाइनचे ते हिरवे-निळे दोरही तरंगतात. ते हाताला राठ आणि कडक लागतात, डायनीमा रेशमासारखा मऊ आणि निसरडा. पॅकिंगवर तुटण्याची क्षमता छापलेली असेल तीच दोरी अंगाखाली घ्या. सुट्या रिळावरून मापून दिलेली, नाव-गाव नसलेली दोरी ताडपत्रीला वापरा, स्वतःला नको.

जाडी दोन कामाच्या. २.८ मिलिमीटरची दोरी अंगाच्या वजनासाठी. चांगल्या कंपनीची असेल तर ती सरासरी ७०० किलोंच्या पुढे तुटते. १.७५ मिलिमीटरची दोरी दोनशे-सव्वादोनशे किलोंची, म्हणजे हॅमॉकच्या दोन टोकांमध्ये वरून जाणारी कण्याची दोरी, ताडपत्रीचे ताण, वस्तू अडकवायची फासकी, एवढ्यापुरती. सत्तर किलोंच्या माणसाला दोनशे किलोंची दोरी भरपूर झाली असं वाटतं ना? झोळी किती ताणून बांधली यावर ते ठरतं. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक टोकावर तुमच्या वजनाइतकाच, म्हणजे ७० किलोंचा ताण येतो. कोन १५ अंश झाला की तो १३५ वर जातो, १० अंशांना २०० आणि ५ अंशांना थेट ४००. "जरा टाइट बांध, खाली लोंबतेय" असं म्हणणाऱ्या मित्राला हे आकडे ऐकवा. ३० अंश मोजायला यंत्र लागत नाही. दोरीवरून दोन फूट मोजा. तेवढ्यात उंचीत एक फुटाचा फरक पडला की कोन बरोबर.

हत्यारं

मुख्य हत्यार म्हणजे ओवायची तार. गिटारची सर्वांत बारीक, पहिली तार घ्या (तुटलेली असली तरी चालेल, कुणाही वाजवणाऱ्याकडे मिळते), साधारण ६० सेंटिमीटर कापा, मधोमध दुमडा आणि दुमड पक्कडीने दाबून निमुळती करा. दोन्ही मोकळी टोकं एकत्र पिळून चिकटपट्टीने गुंडाळा, नाहीतर ती तळहातात घुसतात. २.८ मिलिमीटरच्या दोरीला याहून जरा जाड तार सोयीची पडते.

पदर उघडायला दाभण. पण त्याचं टोक आधी फरशीच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासून बोथट करा. धारदार दाभण पदरांच्या मधून जाण्याऐवजी पदर फोडून जातो आणि वरून काही कळत नाही. याशिवाय पट्टी, बारीक मार्कर, चिकटपट्टी, सुईदोरा आणि एक कात्री. कात्रीवर कंजुसी करू नका. हे तंतू भलतेच चिवट असतात. घरातली भाजीची कात्री त्यांना चावत बसते आणि टोकाची झाडू होते. कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून पट्टीच्या मधोमध कापलं की टोक नीट राहतं.

मे महिन्यात मुंबईत हे काम करणार असाल तर पंख्याखाली बसा आणि खडूची भुकटी जवळ ठेवा. घामेजलेली बोटं आणि निसरडी दोरी एकत्र आली की वीण गोळाच होत नाही.

नेढं

सांध्याने केलेल्या कायमच्या फाशाला इंग्रजीत डोळा म्हणतात. मी त्याला नेढं म्हणते. रतनगडाच्या माथ्यावरच्या नेढ्यात बसून ज्यांनी वारा खाल्ला आहे त्यांना वेगळं समजवायला नको.

आता आपण जे करणार आहोत त्याला व्हूपी स्लिंग म्हणतात. एका टोकाला हे पक्कं नेढं, दुसऱ्या टोकाला लांबी कमी-जास्त करता येणारा फास. अशा दोन केल्या की हॅमॉकची दोन्ही टोकं झाली. एकीसाठी २.८ मिलिमीटरची ३ मीटर दोरी कापून घ्या.

टोकापासून २० सेंटिमीटरवर खूण करा, तिला 'क' म्हणू. ३० सेंटिमीटरवर दुसरी खूण, 'ख'. टोकापासून 'क' पर्यंतचा भाग म्हणजे शेपूट, जे पोटात जाणार. 'क' ते 'ख' हे १० सेंटिमीटर म्हणजे नेढ्याचा घेर. शेपटाची २० सेंटिमीटर लांबी माझ्या मनाची नाही. दोरीच्या जाडीच्या सुमारे ७२ पट शेपूट पोटात हवं, असा १२ पदरी पोकळ दोरीचा ठोकताळा आहे. २.८ ला ७२ ने गुणलं की २०१.६ मिलिमीटर येतात.

'ख' जवळ वीण ढकलून उघडा आणि दाभण बरोबर मधून आरपार काढा, सहा पदर या बाजूला, सहा त्या बाजूला. पदर मोजाच. पाच-सात झाले तर सांधा एका अंगाला ओढतो. दाभणाच्या मागोमाग ओवायची तार घाला, तारेच्या दुमडीत शेपटाचं टोक अडकवा आणि 'ख' मधून ओढून घ्या. 'क' ची खूण 'ख' ला टेकून जेमतेम पलीकडे निघेपर्यंत ओढा. एक छोटा फास दिसायला लागेल.

आता कुलूप. नुकत्याच बाहेर आलेल्या शेपटात, 'क' च्या खुणेवर, दाभणाने तसंच मधोमध भोक पाडा आणि त्यातून दोरीचं दुसरं, लांब टोक घाला. सगळी अडीच-पावणेतीन मीटर दोरी त्या भोकातून ओढून घ्यायची. कंटाळवाणं आहे आणि दोरीला पीळ पडतो, तो सोडवत ओढा. पूर्ण ओढून दोन्ही बाजू ताणल्या की शेपूट मुख्य दोरीतून आणि मुख्य दोरी शेपटातून गेलेली, अशी एकमेकांत अडकलेली चौकडी दिसेल. याला लॉक्ड ब्रमेल म्हणतात. खरा भार हे कुलूप उचलत नाही, तो पोटातलं शेपूट उचलतं. दोरी सैल असताना, बॅगेत चुरगळलेली असताना शेपूट बाहेर येऊ नये एवढंच या कुलपाचं काम. मी सुरुवातीला उलट समजले होते आणि "कुलूप आहे ना" म्हणून चार बोटांचं शेपूट ठेवलं होतं. तसं करू नका.

पुढची पायरी लोक गाळतात, आणि सांध्यात सर्वांत मोठी गडबड तिथेच होते. शेपूट निमुळतं करायचं आहे. जाडच्या जाड शेपूट पोटात घातलं तर ते जिथे संपतं तिथे दोरी एकदम जाडीवरून बारीक होते, आणि भार आला की तुटणार तिथेच. म्हणून टोकापासून ८ सेंटिमीटरवर दाभणाने एक पदर उचला, विणीतून बाहेर ओढा आणि कापा. सेंटिमीटरभर पुढे टोकाकडे सरका, आता उलट दिशेने फिरणारा एक पदर उचला, कापा. असं आलटून पालटून करत टोकाशी चारच पदर उरले पाहिजेत. एकाच दिशेचे पदर कापलेत तर शेपूट स्क्रूसारखं वळतं. हे करताना कातरलेले पांढरे तंतू खाली पडतात ते लगेच उचला. आमच्या मांजरीला ते भारी आवडतात आणि डॉक्टरांना अजिबात नाही.

आता मावशींचं काम. 'ख' पासून मुख्य दोरीवर, नेढ्याच्या उलट दिशेने, २१ सेंटिमीटरवर ओवायच्या तारेची दुमड पदरांमधून आत घाला आणि दोरीच्या पोटातून नेढ्याकडे न्या. तार ढकलू नका. ती एका हातात स्थिर धरा, दुसऱ्या हाताने वीण तिच्यावर चुण्यांसारखी गोळा करा, मागे सारा, पुन्हा गोळा करा. दुमड मधेच बाजूने बाहेर डोकावली तर दोन सेंटिमीटर मागे घेऊन पुन्हा पुढे न्या; तशीच नेलीत तर शेपूट एखाद्या पदराभोवती अडकून बसेल. 'ख' च्या अगदी जवळ, कुलपाला चिकटून, दुमड बाहेर काढा. शेपटाचे उरलेले चार पदर तिच्यात घालून दीड-दोन सेंटिमीटर मागे मुडपा. मग चुण्या पडलेली वीण सैल ठेवून तार मागे ओढा. इथे जोर लागला तर समजा की वीण पुरेशी गोळा झालेली नाही. ओढाताण केलीत तर तार तुटते. माझ्या दोन तुटल्या.

शेपटाचं टोक ज्या जागी तार घातली होती तिथून बाहेर डोकावेल. तार सोडवा. एका हाताने नेढं धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीने नेढ्यापासून लांब जात दोरी निपटत या, गाईची धार काढल्यासारखी, पुन्हा पुन्हा. चुण्या उलगडतात, वीण लांबते आणि डोकावणारं टोक गडप होतं. तो क्षण पंधराव्या वेळीही मला आवडतो. दोरीवर बोटं फिरवली की जाड भाग हळूहळू बारीक होत गेलेला जाणवला पाहिजे, पायरी लागता कामा नये.

हे धरतं कशाने? फळवाल्याकडच्या सफरचंदावर पांढऱ्या फोमची जाळी असते, ती आठवा. दोन्हीकडून ढकलली की फुगते, ओढली की सफरचंदाला आवळते. दोरीचंही तसंच आहे. बाहेरच्या विणीवर भार आला की ती आतल्या शेपटाला आवळते, आणि जितका भार जास्त तितकी पकड जास्त. म्हणून तर गुळगुळीत दोरी इथे सरकत नाही. पण आवळायला पुरेशी लांबी हवी, ७२ पटीचं कारण हेच. आणि भार नसताना पकडही नसते, म्हणून कुलूप.

बोगदा

नेढं झाल्यावर मगच पुढची मापं घ्या, कारण पोटात शेपूट गेलं की वीण जाड होते आणि दोरी आखडते. आधी केलेल्या खुणा जागेवर राहत नाहीत. जाड भाग संपतो तिथून चार बोटं सोडा आणि खूण करा, 'ग'. तिथून २० सेंटिमीटर पुढे 'घ'. 'ग' ते 'घ' हा आपला बोगदा. ओवायची तार 'ग' मधून आत घालून पोटातून 'घ' ला बाहेर काढा, दोरीचं मोकळं टोक पकडा आणि बोगद्यातून ओढून 'ग' ला बाहेर काढा. म्हणजे मोकळं टोक 'घ' मधून शिरतं आणि नेढ्याच्या बाजूला, 'ग' मधून निघतं. उलट दिशेने घातलंत तर फास भार धरत नाही, म्हणून ओढण्यापूर्वी एकदा थांबून बघा. मोकळं टोक परत आत ओढलं जाऊ नये म्हणून त्याला साधी गाठ मारा किंवा मोठा मणी ओवा. इथे गाठ चालते, त्या टोकावर भारच नसतो.

'ग' मधून निघालेलं टोक ओढलं की फास लहान होतो. मोठा करायचा तर बोगद्याची वीण दोन्हीकडून ढकलून फुगवा आणि फास ओढा. दोन्ही गोष्टी झोळीतून उतरून करायच्या. भाराखाली तो हलत नाही, हलायलाही नको.

बोगद्याच्या लांबीबद्दल माझं मत पक्कं होण्याचं कारण सांगते. माझ्या पहिल्या जोडीत मी बोगदा ८ सेंटिमीटरचा ठेवला होता, कारण लोकल वांद्र्याला पोचली होती आणि मला उतरायचं होतं. घरी दोन मिनिटं बसून पाहिलं, धरलं. कर्जतजवळ एका मैत्रिणीच्या वाडीत आंब्याखाली रात्री दहाला झोपले तेव्हा जमिनीपासून दीड फूट वर होते. पहाटे तीनला पाठीला गार लागलं म्हणून जाग आली तर खालचं गवत टोचत होतं. धाडकन पडले नव्हते. कुशी बदलताना दर वेळी दोरी केसभर सरकली होती. नवी दोरी, तिच्यावरचा निसरडा लेप आणि अपुरी लांबी, तिन्ही एकत्र आलं. २० सेंटिमीटर ठेवल्यापासून तसं पुन्हा झालेलं नाही. काहीजण १५ वर भागवतात. मी भागवत नाही.

बारीक दोरी

१.७५ मिलिमीटरची कण्याची दोरी हीच कृती, फक्त आकडे वेगळे: शेपूट १३ सेंटिमीटर, बोगदा १५. एका टोकाला नेढं, दुसरीकडे कमी-जास्त होणारा फास; म्हणजे बारीक व्हूपीच. हॅमॉकच्या सपाट लांबीच्या ८३ टक्के हे तिचं रूढ माप आहे. ११ फुटी, म्हणजे ३३५ सेंटिमीटरच्या हॅमॉकला साधारण २७८ सेंटिमीटर. कोन कसाही पडला तरी झोळीचा झोल रोज सारखा राहतो तो या दोरीमुळे. झोपल्यावर ती दोन बोटांनी थोडी वाकवता आली पाहिजे. सतारीसारखी वाजत असेल तर झाडांकडचे पट्टे वर घ्या किंवा व्हूपी सैल करा.

पदर एकेक उचलणं इथे डोळ्यांना जमत नाही. मी शेवटचे ५ सेंटिमीटर सैल करून दोन-दोन पदर एकदम कापते. नवी दोरी लेपामुळे ताठ असते, ती आधी बोटांत चुरून मऊ करा. चुण्या एकदम लांबलचक घालू नका, तीन-तीन सेंटिमीटरचे टप्पे घ्या. चाळीशी असेल तर लावा, लाजू नका. आणि ही दोरी पहिल्या दिवशी हातात घेऊ नका. २.८ वर पाच-सहा नेढी होऊ द्या.

हॅमॉकच्या चुणीतून ओवायचं गोल कडं हवं असेल तर २.८ ची ९० सेंटिमीटर दोरी घ्या, दोन्ही टोकांपासून २० वर खुणा करा, तसंच कुलूप घाला आणि मग दोन्ही शेपटं निमुळती करून विरुद्ध दिशांनी, प्रत्येक शेपूट समोरच्या बाजूच्या दोरीत घाला. निम्म्याहून अधिक कडं दुहेरी जाडीचं होतं, म्हणून दिसायला ओबडधोबड पण दणकट असतं.

आधी वजन, मग माणूस

नेढ्याच्या जाड भागात शेपूट जिथे संपतं तिथे लाल दोऱ्याचा एक टाका मुख्य दोरीच्या वरच्या पदरांत घाला, आणि शेपटाचं टोक बरोबर त्या टाक्याखाली आहे ना ते दर वेळी चिमटीने चाचपा. बोगद्यालाही असंच करा: भार देऊन झाल्यावर 'ग' मधून निघणाऱ्या टोकावर मार्करने रेघ ओढा. रेघ आत गेली म्हणजे दोरी सरकली.

आमच्या चाळीच्या गॅलरीच्या खांबाला पट्टा गुंडाळून मी आधी २० लिटरचा पाण्याचा जार तासभर टांगते. दोरी पहिल्यांदा थोडी लांबते, ते सांधा बसत असल्याचं लक्षण. त्यानंतर रेघ हलता कामा नये. मग हॅमॉक लावून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, खाली गादी टाकून, पाय टेकवत हळूहळू बसा. दहा मिनिटांनी उतरा, रेघ पाहा. पहिल्या रात्री खुर्चीच्या उंचीपेक्षा वर टांगू नका, आणि कड्याच्या काठावर किंवा ओढ्यावर तर कधीच नको.

झाडाला दोरी थेट बांधायची नाही. ती करवतीसारखी साल कापते. साधारण अडीच सेंटिमीटर रुंद पॉलिएस्टरचा पट्टा झाडाला, आणि दोरीचा फास पट्ट्यातल्या आडव्या खिट्टीला. झाड जिवंत आणि मांडीएवढं जाड तरी हवं. पावसाळ्यात वरच्या वाळक्या फांद्या पाहायला विसरू नका, आणि झाड ज्याचं त्याला विचारल्याशिवाय बांधू नका.

समुद्रकिनारी वापरली असेल तर घरी येऊन गोड्या पाण्यात बुडवून विणीतली वाळू काढा. ती आतून कातरत राहते. दोरीवर लव आली तर घाबरू नका, ती सुरुवातीला येतेच. पण एखादा पदर तुटलेला दिसला, एखादी जागा कडक किंवा चकाकणारी लागली, किंवा रेघ जागेवरून हलली, तर ती दोरी बाद.

बाद दोरी अख्खी ठेवू नका, हातभर लांबीचे तुकडे करा. आमच्याकडे राहिलेल्या एका लांब तुकड्यावर आईने गॅलरीत धुणं वाळत घातलं. तिची सुरगाठ डायनीमावर जेमतेम तासभर टिकली, आणि बाबांचं धोतर खालच्या मजल्यावर वाळत ठेवलेल्या सांडग्यांवर जाऊन पडलं.